आधी सिन्नर, मग वाइन

नाशिकला वाइन पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी आधी सिन्नरला नेते. सकाळी सातला गाडी निघते आणि द्वारका चौक ओलांडला, की मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतंच, "ताई, वाइनरी तर गंगापूर रोडला ना? आपण पुण्याच्या रस्त्याला का लागलो?" मी सांगते, की द्राक्षबागा दुपारी बघू, सकाळचं कोवळं ऊन देवळाच्या दगडासाठी राखून ठेवलंय. हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं दिवसभर थोडंथोडं सांगत राहते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरात तीन पिढ्यांची द्राक्षं. लग्नानंतर नाशिकला आले, बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि आता हौशी मंडळींना घेऊन जिल्हाभर हिंडते. बाग आणि इतिहास या दोन्ही गोष्टी माझ्या अंगात भिनलेल्या आहेत. त्यामुळे मला त्या वेगळ्या करून दाखवता येत नाहीत, आणि त्या वेगळ्या नाहीतही.

एकदा ठाण्याचं एक जोडपं आलं होतं. आदल्याच वर्षी ते इटलीला जाऊन आलेले. फ्लॉरेन्सहून एका दिवसाची सहल निघते: सकाळी सिएना, दुपारी द्राक्षमळ्यावर जेवण, संध्याकाळी टेकडीवरचं सान जिमिन्यानो. तिथे मध्ययुगातल्या धनिकांनी चढाओढीने बांधलेल्या मनोऱ्यांपैकी चौदा अजून उभे आहेत, आणि गावाखालच्या उतारांवर होणारी वेर्नाच्चा नावाची पांढरी वाइन १९६६ साली सरकारी संरक्षण मिळालेल्या इटलीतल्या पहिल्या वाइनांपैकी. काका म्हणाले, "आपल्याकडे असं काही नाही हो." मी म्हटलं, "आहे, काका. राजधानी आहे, व्यापाऱ्यांचं नगर आहे, द्राक्षाचा वेलही आहे. फक्त तिकडे गाव आणि मळा शतकानुशतकं एकमेकांना धरून राहिले, इकडे शहरं हलली. ती का हलली, हे आज आपण बघायचं."

नाशिकहून सिन्नर तीसेक किलोमीटर. मोहदरी घाट चढला की हवा बदलते, रस्त्याकडेची हिरवळ विरळ होते. हा फरक नीट लक्षात ठेवा असं मी सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. सह्याद्रीच्या धारेवरच्या इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेच ढग पूर्वेला सरकत सरकत रिते होतात आणि सिन्नरपर्यंत येईतो सहाशेच्या आत येतात. एवढ्या थोड्या अंतरात एवढा उतार. पश्चिमेला भात, पूर्वेला बाजरी, आणि मधल्या पट्ट्यात, जिथे पाणी आहे पण चिखल नाही, तिथे द्राक्ष.

सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी. देवगिरीचे यादव आपण शाळेत शिकतो, पण देवगिरी नंतरची. या घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार नवव्या शतकातला. त्याचं चंद्रादित्यपूर म्हणजे आजचं चांदवड, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा मुलगा सेऊणचंद्र, त्याच्यावरून या मुलखाला सेऊणदेश म्हणू लागले. पुढे सत्ता सिन्नरला स्थिरावली आणि बाराव्या शतकाच्या शेवटी, ११८७ च्या सुमारास, पाचव्या भिल्लमाने देवगिरी गाठली. म्हणजे तीनेकशे वर्षं हे घराणं नाशिकच्याच डोंगरांच्या आधाराने वाढलं.

याची खूण म्हणजे सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. आज सिन्नरची ओळख विड्यांच्या कारखान्यांपासून औद्योगिक वसाहतीपर्यंत येऊन पोचली आहे. गावातून वळण घेऊन आपण तटबंदीच्या दारातून आत शिरतो आणि समोर एकदम हा काळ्या दगडाचा पसारा येतो. अकराव्या-बाराव्या शतकातलं हे शिवपंचायतन. मधोमध उंच जोत्यावर महादेवाचं मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची लहान देवळं, पुढ्यात नंदीचा स्वतंत्र मंडप. पाहुणे लगेच शिखराकडे मान वर करतात. मी त्यांना आधी खाली बसवते. जोत्याच्या पायाशी हत्तींची रांग आहे, तिथून सुरुवात करायची. हत्तींच्या पाठीवर थर, थरावर थर, मग भिंतीचे कोन, आणि तिथून डोळा आपोआप वर चढतो. शिखराच्या चार दिशांना चार उभे पट्टे वरपर्यंत गेलेत आणि त्यांच्या मधल्या जागेत याच शिखराच्या लहान लहान प्रतिकृती ओळीने रचल्या आहेत, वर जाताना आकाराने कमी होत जाणाऱ्या. या घडणीला भूमिज म्हणतात. माळव्यात ती बहरली; आपल्याकडे अंबरनाथचं १०६० सालचं शिवालय याच जातीचं. चुन्याचा वापर न करता, दगडात दगड बसवून हे सगळं उभं केलं आहे. कुणीतरी "हेमाडपंती ना?" असं विचारतं. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. गोंदेश्वर त्याच्या कितीतरी आधी उभं राहिलेलं होतं.

मंडपातल्या थंड फरशीवर बसून मी एक साधा प्रश्न विचारते: एवढं मोठं देऊळ बांधायला पैसा कुठून आला? कोरडा मुलूख, बाजरीची शेती. उत्तर रस्त्यात आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल थळ घाट चढून नाशिकला येई आणि तिथून पठारावर पैठणकडे, देवगिरीकडे जाई. जो या घाटवाटा राखेल त्याच्याकडे जकात. देऊळ हे त्या जकातीचं आणि त्या व्यापाराचं दगडातलं रूप. आणि व्यापाराचं तोंड पूर्वेला, देवगिरीकडे वळलं, तशी राजधानीही तिकडे गेली.

देवगिरीवरून एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण तिथे वेल आणि यादव एकत्र येतात. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला. तेव्हा यादवांचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं आहे, की या मुलखात द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. भूमध्य समुद्राकाठच्या माणसाला याचं नवल वाटणारच. त्याच्या प्रांतात हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपी जातो आणि वर्षाला एकच पीक देतो. दख्खनच्या पठारावर तशी थंडी नाही, वेलाला झोप नाही. छाटलं की तो फुटतो. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची ही एका ओळीची नोंद आणि आजची नाशिकची बाग यांच्यात जे नातं आहे, ते दुपारी बांधावर उभं राहून दाखवते.

सिन्नरहून परतताना मिसळ. हा थांबा मी चुकवत नाही आणि त्याबद्दल फार बोलतही नाही. मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, पाव. पोट भरलं, की गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला.

त्र्यंबकेश्वर मी या सहलीत घेत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात हाती घेतलेलं ते मंदिर आणि मागचा ब्रह्मगिरी, हा एक संपूर्ण दिवसाचा विषय आहे, आणि दर्शनाच्या रांगेत उभं राहून घड्याळाकडे बघणं देवालाही बरं वाटणार नाही. आपण अलीकडेच अंजनेरीला थांबतो.

अंजनेरी म्हटलं की लोकांना गड आठवतो, तेराशे मीटर उंचीचा, हनुमानाच्या जन्मकथेशी जोडलेला. चढणाऱ्यांची पहाटेपासून वर्दळ असते. पण डोंगराच्या पायथ्याला, गावाच्या आजूबाजूला झाडीत आणि शेतांच्या कडेला विखुरलेली पडकी देवळं आहेत, काही शैव-वैष्णव, काही जैन. त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, त्यामागे कललेले खांब, गवतात पडलेल्या कोरीव शिळा. गोंदेश्वर बघून आलेला माणूस इथे येतो तेव्हा त्याला कोरीव कामाची तीच भाषा ओळखू येते, आणि मग ही मोडतोड त्याच्या जिवाला लागते. मलाही दर वेळी लागते. या शिळा जागच्या जागी नीट मांडून ठेवल्या, दोन वाटा आखल्या, तरी महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली इथे याव्यात असं हे ठिकाण आहे.

इथल्या एका जैन मंदिरात शके १०६३, म्हणजे इसवी सन ११४१-४२ चा शिलालेख आहे. दृढप्रहाराच्या मुलाचंच नाव असलेल्या, पण त्याच्या कितीतरी नंतरच्या सेऊणचंद्र या यादव राजाने आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या या मंदिराला नगरातली काही दुकानं दान दिली. वत्सराज नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने आणि आणखी दोघांनी, लाहड आणि दशरथ त्यांची नावं, एक दुकान आणि एक घर दिलं. लेख वाचून दाखवला, की मी पाहुण्यांना आजूबाजूला बघायला सांगते. शेत आहे, करवंदीची जाळी आहे, गुरं चरताहेत. इथे दुकानांची ओळ होती. त्यांच्या भाड्यावर देवाचा दिवा जळत होता.

याहून जुना पुरावा ताम्रपटांचा आहे. अंजनेरीलाच सापडलेले हे ताम्रपट वा. वि. मिराशी यांनी संपादित केले. त्यातला एक कलचुरी संवत ४६१, म्हणजे इसवी सन ७१० च्या सुमाराचा. हरिश्चंद्र घराण्यातला भोगशक्ती नावाचा राजा ओस पडलेलं समगिरी हे नगर पुन्हा वसवतो आहे. वसवायचं म्हणजे काय करायचं? तो तिथल्या व्यापाऱ्यांना राज्यभर जकात माफ करतो. निपुत्रिक मेलेल्या व्यापाऱ्याची मालमत्ता सरकारजमा होणार नाही असं लिहून देतो. राजाच्या अधिकाऱ्यांना फुकट जेवूखाऊ घालण्याची सक्ती काढून टाकतो. आणि हे सगळं एल आणि करपुट या श्रेष्ठींच्या साक्षीने. तेराशे वर्षांपूर्वीच्या राजाला ठाऊक होतं, की नगर तटबंदीने वसत नाही. व्यापाऱ्याला भरवसा वाटला तर वसतं.

हा ताम्रपट डोक्यात ठेवूनच पुढे वाइनरीत जायचं असतं. अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली एक संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली. तिचं नाणेसंग्रहालय वेळ असेल तर जरूर बघावं. सातवाहनांपासूनचा पैसा डोळ्यांनी बघितला, की व्यापाराच्या या गोष्टी हवेत राहत नाहीत.

दुपारचं जेवण दुगाव-गिरणारे बाजूच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे. भाकरी, पिठलं, ठेचा, मेथीची भाजी. जेवण झालं की बागेत. वाइनरीआधी खायच्या द्राक्षाची बाग दाखवायची हा माझा आग्रह, कारण नाशिक आधी खायच्या द्राक्षाचं आहे. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षलागवडीला चालना दिली, आणि तिथून पिंपळगाव, निफाड, दिंडोरीपर्यंत मांडव पसरले. माझे आजोबा त्या लाटेतले.

आता इब्न बतूताची ओळ. दख्खनमधला वेल झोपत नाही, वर्षात दोनदा फळायला बघतो. मग आमचे शेतकरी काय करतात? दोनदा छाटतात आणि एकच पीक घेतात. माल उतरला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेलाला पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांदीपर्यंत मागे आणायचं. त्यावर ज्या नव्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या कडक उन्हात पुढच्या हंगामाचे घड तयार होतात, साध्या नजरेला न दिसणारे. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून तपासतात, घड आहे की नाही ते. पावसाळाभर त्या काड्या सांभाळायच्या, डावणी आणि भुरी या रोगांशी झगडत. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. काडीवर मोजके डोळे ठेवून शेंडा उडवायचा. आठ-दहा दिवसांत फुटवे, त्यावर घड, आणि हिवाळाभर मणी भरत जाऊन जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. वेलाला दोन पिकं देण्याची ओढ आहे. शेतकरी तिची अर्धी ताकद काडीत साठवतो आणि अर्धी घडात उतरवतो. हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही, कित्येक बागा वाया जाऊन आलंय.

बाग दाखवताना शेतकरी दादा मणी हातावर ठेवतात. थॉमसन वाणाचा मणी लांबट, पातळ सालीचा, बिया नसलेला. तो लांबट व्हावा म्हणून घडाची विरळणी करतात, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतात. "खायचं द्राक्ष डोळ्यांनी विकलं जातं, ताई," ते म्हणतात. "वाइनवाल्यांना रूप नको असतं." हे अगदी नेमकं आहे. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बियांत असतो, म्हणून मणी जितका लहान तितकं रसाला सालीचं प्रमाण जास्त. खायच्या द्राक्षात साखर सोळा-अठरा ब्रिक्स झाली की माल उतरतो. वाइनसाठी ती बावीस-चोवीसपर्यंत जाऊ देतात. आणि उत्पन्न मुद्दाम कमी ठेवतात. ज्या शेतकऱ्याची सगळी हयात वजनावर भाव मिळवण्यात गेली, त्याला "घड काढून फेका" असं सांगणं किती जड जातं, हे मी घरात बघितलं आहे.

तिथून गंगापूर धरणाच्या कडेने गोवर्धन-सावरगावकडे यायचं. धरण १९६५ सालचं, गोदावरीवरचं, आणि त्याच्या पाण्याकाठी आज द्राक्षमळे. गोवर्धन गाव आलं की मी गाडी हळू करायला सांगते. पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. गुणाकार करून बघा, बरोबर जुळतो: दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. हे जुनं गोवर्धन या आजच्या गोवर्धन-गंगापूरच्या परिसरातलंच मानतात. म्हणजे वाइनरीचं फाटक जिथे आहे, तिथल्या गावाची पत दोन हजार वर्षांपूर्वी एवढी होती, की राजाचा जावई तिथे पैसा ठेवत होता.

आता वाइनरी. महाराष्ट्रात वाइनची पहिली मोठी खटपट नाशिकची नव्हे, नारायणगावची. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी वाइन काढली आणि ती ओमर खय्याम या नावाने परदेशात पाठवली. नाशिकला वळण दिलं ते राजीव सामंत यांनी. अमेरिकेतली नोकरी सोडून ते घरच्या जमिनीवर आले, कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां या पांढऱ्या वाणांची लागवड केली, आणि २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. पुढे यॉर्क, सोमा, वलोने, दिंडोरीला शांदों, अशी रांग लागली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

इथे मी भोगशक्तीचा ताम्रपट पुन्हा काढते. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, परवाने सोपे केले, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे केले. तेराशे वर्षांपूर्वी जकात माफ करून नगर वसवलं, तेच इथे झालं. काही वर्षांत डोंगराच्या कुशीत टाक्या चमकू लागल्या.

टाक्यांजवळ प्रक्रिया समजावून घ्यायची, ती फार अवघड नाही. काढणी पहाटे किंवा रात्री, दिवे लावून, कारण उन्हात तापलेल्या मण्यातला आंबटपणा आणि सुवास उडतो. पांढऱ्या वाइनसाठी मणी दाबून रस लगेच वेगळा करतात आणि थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत सावकाश आंबवतात. लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. रंग सालीतून येतो, बहुतेक काळ्या द्राक्षांचाही आतला गर रंगहीनच असतो. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. काही लाल वाइना मग ओकच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरतात. नाशिकची खरी कमाई रात्रीची थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो आणि दिवसा ऊन लख्ख असतं. दिवसा साखर चढते, रात्री आंबटपणा टिकतो.

मग चाखणं. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची, आणि गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही, हे मी आधी बजावते. पेला देठाला धरा, कललेल्या पेल्यात रंग बघा, गोल फिरवा, नाक आत घाला, मगच लहान घोट. ठाण्याच्या त्या काकू पीत नव्हत्या. त्यांनी नुसता सोविन्यों ब्लांचा पेला नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर पेरू! आणि मागे ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा वास." चाखायला शिकवणाऱ्या वाइनरीतल्या मुलाने मान डोलावली, याच दोन वासांसाठी तो वाण ओळखला जातो. ज्या बाईने चाळीस वर्षं भाजी वासावरून निवडली, तिला वाइनचा वास ओळखायला कुणाच्या दाखल्याची गरज नाही. आपल्या लोकांनी या पेल्यासमोर बुजून जाऊ नये असं मला फार वाटतं.

आणि एक गोष्ट मी तिथेच, टाक्यांकडे बघत सांगते. २००६ च्या सुमारास आमच्या काकांनी एका वाइनरीशी करार करून तीन एकर शिराझ लावली. पहिले दोन हंगाम चांगले गेले. मग मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइन टाक्यांत तुंबली. वाइनरीने माल उचलला नाही. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. लहान, बियांचा मणी कोण खाणार? काकांनी दोन हंगाम वाट बघितली आणि मग वेल कापून त्याच खुंटावर थॉमसनची कलमं केली. त्या काळात जिल्ह्यात असं पुष्कळ ठिकाणी झालं. कंपन्या पुढे सावरल्या. सुला तर डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात गेली. पण करारावर वेल लावणाऱ्याच्या पाठीशी काय असतं, हा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. अंजनेरीची दुकानं कशी बंद झाली ते कोणत्या लेखात लिहिलेलं नाही. काकांच्या बागेत मात्र कुऱ्हाड चालताना मी उभी होते.

म्हणून पाहुण्यांना सांगते, वाइनरीत गेलात की पेल्याबद्दल विचारा तसंच बागेबद्दलही विचारा. द्राक्ष कंपनीच्या मळ्यातलं की शेतकऱ्याचं? करार किती वर्षांचा? माल नाकारला तर काय? तिथली मुलं मोकळेपणाने सांगतात, आणि गिऱ्हाईक हे विचारतं आहे ही बातमी वरपर्यंत जाते.

यायचं कधी, हेही सांगून ठेवते. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत काढणी चालू असते. टाक्या भरताना दिसतात, पण शनिवार-रविवारी गर्दी फार, तेव्हा मधल्या वारी या. ज्यांना बागेचं काम बघायचंय त्यांनी ऑक्टोबर गाठावा, गोडी छाटणीचा. तेव्हा पाऊस सरलेला असतो, अंजनेरीचं गवत अजून हिरवं असतं आणि गोंदेश्वरचा दगड धुऊन निघालेला असतो. दुसरा दिवस हाताशी असेल तर आग्रा रस्त्याने चांदवडला चला. वाटेत पिंपळगाव बसवंतचा बाजार, पुढे डोंगरांच्या कोंदणात दृढप्रहाराचं गाव, रेणुकेचं देऊळ, होळकरांचा रंगमहाल. परतताना लासलगावकडून विंचूर करता येतं. त्या दिवशी मी मुक्कामाला माहेरी नेते. तिथे माझी काकू अजून बेदाण्याचा शिरा करते.